अक्का, तू विचारायला उशीर केलास

अक्का, परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला आपल्या गावात मांडव टाकला होता. भीमपूरहून, बोथहून, पैनगंगेच्या पलीकडून माणसं आली. हैदराबादहून तुझे डॉक्टर आले. त्यांतल्या एका साहेबांनी माइक हातात घेतला आणि तू किती किडन्या बसवल्यास, कोणकोणत्या देशांत जाऊन निबंध वाचलेस ते सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुखवट्यात टाळ्या! तू असतीस तर उठून निघून गेली असतीस.

मलाही बोलायला बोलावलं. मी मागे खुर्च्या लावत राहिले, गेले नाही. मला जे बोलायचं ते माइकवर बोलता येण्यासारखं नव्हतं. ते आपलं भांडण आहे, आणि ते अर्धं राहिलंय. तू गेल्यापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता थांबते, पोरं म्हणतात, "टीचर, पुढचं?" घरी भाजी फोडणीला टाकते आणि फोन उचलते, तुला सांगायला. काय सांगायला ते फोन हातात आल्यावर आठवतं, आणि तू नाहीस तेही आठवतं.

म्हणून लिहिते. सुरुवातीपासून लिहिते, कारण प्रत्येक भांडणात तू म्हणायचीस, "वैशू, मधातून सुरू करू नको."

सुरुवात आनंदपासून. आपल्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा तू हैदराबादला शिकत होतीस, किडनी बसवण्याच्याच विभागात. तुझ्या डोक्यात तेव्हा वेगळंच संशोधन होतं: काढलेली किडनी थंड ठेवून जास्त वेळ जिवंत कशी राखायची. तू सुट्टीत आलीस की बर्फाच्या पेटीबद्दल बोलायचीस आणि आई म्हणायची, "मासोळी हाय का ते?" त्याच किडनीची पाळी आपल्या घरावर आली. आईला साखर, बाबा आधीच गेलेले. तुझा रक्तगट जुळला नाही. आनंदची बायको तान्ह्या बाळाला घेऊन बसलेली. राहिले मी. बी.एड. झालेली, किनवटचं स्थळ जवळजवळ ठरलेलं.

मला कोणी विचारलं नाही असं मी कधी म्हटलं नाही. तूच म्हणायचीस. खरं काय झालं ते दोघींनाही माहीत आहे. सगळे ओसरीत बसलो होतो. तुझ्या हातात रिपोर्ट होता. तू म्हणालीस, "वैशूची जुळते." आईनं पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. आनंद भिंतीकडे बघत होता. मी म्हटलं, "मंग देऊ न." तू मान हलवलीस, रिपोर्ट पाकिटात घातलास. एवढंच. मग दवाखान्याच्या कमिटीसमोर कॅमेरा लावून विचारलं, "स्वखुशीनं देता का?" मी म्हटलं, "हो." बाहेर बाकावर आई, वहिनी, बाळ, सगळे बसलेले.

ऑपरेशन नीट झालं. आनंद उभा राहिला, आजही उभा आहे. किनवटच्या लोकांनी निरोप पाठवला की मुलगा आणखी शिकायचं म्हणतो. त्यानं पुढच्याच महिन्यात दुसरीशी लग्न केलं. हे तुला फोनवर सांगितलं आणि नंतर मी "हॅलो, हॅलो" करत राहिले.

त्यानंतर तू ती बर्फाची पेटी सोडलीस. मला वाटलं कंटाळलीस. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत आलीस, सोबत बीपीचं यंत्र आणि पत्त्यांचा कागद. म्हणालीस, "वैशू, तुझी स्कूटी काढ. ज्यांनी किडन्या देल्ल्या त्यांले भेटाचं हाय."

"ज्यांले बसवल्या त्यांले नाई?"

"त्यांच्यामागं सगळा दवाखाना हाय. देणारीच्या मागं कोन हाय?"

तू देणारी म्हणालीस, देणारा नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. कागदावर नावं बघितली तेव्हा आलं. आया, बायका, बहिणी. पुरुष अगदी थोडे.

ते उन्हाळे मला आत्ता परत हवेत. तू मागे बसायचीस, डोक्यावर ओढणी गुंडाळून, आणि रस्ता चुकला की दोष माझ्यावर. तेलुगू घरात तू बोलायचीस, मराठी घरात मी. एकदा दसऱ्यानंतर आलीस तेव्हा भीमपूरच्या पुढे गंगाबाई म्हणून एक बाई कापूस वेचताना भेटली. नवऱ्याला किडनी दिलेली. ती थांबायला तयार नाही, रोज बुडेल. म्हणून तूही तिच्याशेजारी ओळीत उभी राहून वेचायला लागलीस. बोंडासकट ओढत होतीस. ती म्हणाली, "डॉक्टरीनबाई, झाड उपटू नका, लोकाचं वावर हाय." तुझं ते हसू! तुझ्या दवाखान्यात तुला असं हसताना कोणी पाहिलं नसेल.

मग तू तिला विचारलंस, "तुमी राजी होत्या का, किडनी द्याले?"

ती म्हणाली, "घरचे समदे राजी होते."

तू पुन्हा विचारलंस. "तुमी?"

ती तुझ्याकडे बघत राहिली. तिला प्रश्न कळला होता, पण उत्तर द्यायची सवय नव्हती. "मी राजी नसून कसं चालते, बाई?" म्हणाली आणि पुन्हा वेचायला लागली.

शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसवून तू तिचं बीपी घेतलंस. खूप वाढलेलं. पाठ दुखते म्हणून ती दुकानातून दुखण्याची गोळी आणून रोज खात होती. एका किडनीच्या माणसानं ती गोळी रोज खाऊ नये, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिचा नवरा मात्र महिन्याच्या महिन्याला हैदराबादला जाऊन तपासून येत होता. तू तिला ती गोळी बंद करायला सांगितलीस, बीपीची लिहून दिलीस, आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात फोन केलास. मग स्कूटीजवळ येऊन उभी राहिलीस. बसेचना. म्हणालीस, "आमी इची किडनी काढली अन् इले इसरलो, वैशू. मीच टाके घातले होते इले. चेहरा पन आठवला नाई मले."

त्या दिवसापासून तुला शांत बसलेलं मी पाहिलं नाही. तुझे मोठे साहेब म्हणाले, हे समाजसेवेचं काम आहे, सर्जननं ऑपरेशन करावं. तू ऑपरेशनंही केलीस आणि हेही. दुसऱ्या एकांनी सांगितलं, असं छापून आलं तर देणारे घाबरतील, पेशंट मरतील. त्या शेवटच्या वाक्यानं मात्र तुझी झोप उडवली होती, मला माहीत आहे. कारण ते खोटं नव्हतं. तू सगळं लिहिलंस आणि कितीतरी दिवस पाठवलं नाहीस. मला फोन करून विचारलंस, "पाठवू का?" मी म्हटलं, "मले इंग्रजी समजत नाई, मराठीत सांग काय लिवलं." तू सांगायला लागलीस आणि 'संमती'वर अडकलीस. म्हणालीस, "एकीनंबी हा शब्द वापरला नाई गं. राजी म्हणतात. अन् राजी नेहमी घरचे असतात."

तू पाठवलंस. आणि नुसतं लिहून थांबली नाहीस. तुझ्या दवाखान्यात नियम करून घेतलास: देणाऱ्या माणसाला एकट्याला भेटायचं. नातेवाईक बाहेर. दार बंद. घाई नाही. आणि आत जर त्या माणसानं 'नको' म्हटलं, तर बाहेर इतकंच सांगायचं, की डॉक्टरांच्या मते ही व्यक्ती देऊ शकत नाही. कारण सांगायचं नाही. घरी गेल्यावर त्या बाईला जगायचं असतं, म्हणायचीस.

हे सगळं मला पटलं होतं, अक्का. विलासपर्यंत पटलं होतं.

विलासचा ऑटो होता. माझी स्कूटी बंद पडली होती त्या वर्षी तो बोथला रोज मला शाळेत सोडायचा. पावसात चिखल झाला तर फाटकापर्यंत आत आणायचा, पैसे नंतर द्या म्हणायचा. त्याच्या किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं. त्याच्या बायकोची, सुमनची, तपासणी तुझ्याच दवाखान्यात झाली. विलास खुशीनं सांगायचा, "टीचर, तुमच्या अक्काच्या हातानं होऊन राह्यलं." मग एक दिवस म्हणाला, "सुमनची बसत नाई म्हणतात." दुसरं कोणी घरात नव्हतं. मेलेल्या माणसाच्या किडनीसाठी नाव लावलं होतं, नंबर लागला नाही. पुढच्या वर्षी तो गेला. मी त्याच्या मातीला गेले होते.

काही महिन्यांनी सुमन मुलीचा दाखला घ्यायला शाळेत आली. कागद झाले तरी उठेना. स्टाफरूममध्ये दुसरं कोणी नव्हतं. म्हणाली, "टीचर, तुमाले एक सांगू? माही किडनी बसत होती. मीच नको म्हटलं होतं. अक्कानं कोनाले सांगतलं नाई."

मी विचारलं, "काऊन नको म्हटलं?"

"तो दारू पिऊन माराचा, टीचर. तुमाले सोडून आला की घरी वेगळाच माणूस राहे. पन मेला तं रडू आलं. आता रोज वाटते, देऊन टाकाले पायजे होती का. तुमच्या बहिणीले इचारता का?"

मी ती गेल्यावर शाळेच्या मागे कडुनिंबाखाली जाऊन तुला फोन लावला. तू म्हणालीस, मी कोणत्याही पेशंटबद्दल बोलणार नाही. मी म्हटलं, बोलू नको, ऐक. माणूस मेला, अक्का. तू दार लावलं अन् बाहेर माणूस मेला.

 मग म्हणालीस, "ते माह्या अंगावर हाय, वैशू. ते मी कोनावर ढकलत नाई. पन ती किडनी कोनाची होती?"

"अन् जीव कोनाचा होता?"

"दोनी गोष्टी खऱ्या हायेत. मले त्याच्यातून वाट नाई सापडली. तुले सापडली तं सांग."

तिथं थांबली असतीस तर बरं झालं असतं. पण तू पुढे म्हणालीस, "तुलेबी कोनी असं दार लावून इचारलं असतं तं..."

माझ्या डोक्यात आग पेटली. मी म्हटलं, "तं मी होच म्हटलं असतं. तुह्या त्या बायांमदे मले बसवू नको. माह्या भावाले मी माह्या मनानं देल्ली. आयुष्यात एक मोठी गोष्ट केली मी, तेबी तू हिसकून घेऊन राह्यली!"

फोन मी ठेवला. त्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला तू गावी आली नाहीस. मी फोन केला नाही. तू मात्र दर महिन्याला एक मेसेज पाठवत राहिलीस, 'बीपी?' मी आकडा पाठवायची. आपण दोघी बहिणी तेवढ्यावर जगलो. चिडून एकदा मी लिहिलं, 'मी तुझी बहीण आहे की पेशंट?' तुझं उत्तर आलं, 'आकडा पाठव.'

सुमनला मी काहीच उत्तर दिलं नाही. ती आता भेटली की लांबून हात करते. परवा मांडवात आली होती, बायकांच्या मागे बसली होती. टाळ्या वाजवल्या नाहीत तिनं.

आणि मग तुझं दुखणं. तू स्वतः रिपोर्ट वाचलास आणि आम्हाला सांगताना पोटाचा कॅन्सर म्हणालीस, सर्दी म्हणावी तशी. आई आणि मी हैदराबादला येऊन राहिलो. आनंद दर आठवड्याला बस पकडून यायचा, तुझ्या पायाशी बसायचा. भांडणाचं कोणी नाव काढलं नाही. मी तुझे केस विंचरून द्यायची. तू अंथरुणात पडून तुझ्या हाताखालच्या पोरीचा, त्या तेलुगू डॉक्टरणीचा निबंध तपासायचीस आणि म्हणायचीस, "यानं काय फरक पडते, हे लिवलंच नाई."

त्या दुपारी तू आनंदला औषधाला पाठवलंस. आईला म्हणालीस, अंघोळ करून घे. मग मला म्हणालीस, "वैशू, दार लाव."

मी लावलं. मला वाटलं, कपडे बदलायचे असतील.

"बस. मी तुले कधीच इचारलं नाई. सगळ्या दुनियेले इचारलं. आता इचारते. तवा नाई म्हणाची सोय असती, तं काय म्हटलं असतं?"

मी म्हटलं, "झोप आता."

"सांग न."

"सांगतलं होतं न फोनवर. हो म्हटलं असतं."

 माझ्याकडे बघत राहिलीस. ती नजर मला ओळखीची होती. धुऱ्यावर, ओट्यांवर, पडक्या अंगणवाडीत, बाईनं पहिलं उत्तर दिलं की तू अशीच बघायचीस. तुला दुसरं उत्तर हवं असायचं, पहिल्याच्या मागचं, आणि त्यासाठी तू कितीही थांबायचीस. माझ्यासाठीही थांबलीस. मी उशी सारखी केली. सिस्टर सलाइन बदलायला आली. मग आई आली.

त्यानंतर तुला बोलायची ताकद राहिली नाही.

तू गेलीस तेव्हा कॅन्सरमुळे दानात तुझे डोळे तेवढे घेता येत होते. तुझी ती तेलुगू डॉक्टरीण रडत होती, पण तिनं आनंदला आणि मला बाहेर थांबायला सांगितलं आणि आईला एकटीला आत नेलं. हिंदी येते तेवढी जोडून विचारलं असेल. आम्ही बाहेर उभे. खूप वेळ लागला. आई बाहेर आली तेव्हा पदर नीट खांद्यावर होता. म्हणाली, "मी पैले नाई म्हटलं. ते म्हणे ठीक हाय, मा. काईच बोलली नाई मंग. मंग मी म्हटलं, घ्या." आणि जरा थांबून, "मले कोनी असं इचारलं नाई आजपावतो." अक्का, तुझ्या सगळ्या निबंधांतलं मला कळलेलं ते एवढं.

आता ऐक, मी का चिडले आहे ते.

गेल्या आठवड्यात शाळा सुटता सुटता अनोळखी नंबरवरून फोन आला. मुलीचा आवाज, बोथच्याच बाजूची. "वैशाली टीचर का? मले अक्का मॅडमनं तुमचा नंबर देल्ता. म्हणे, काई इचाराचं असन तं माह्या बहिणीले इचार, ते खरं सांगन."

मला न विचारता! दुनियेला विचारल्याशिवाय हात लावू नका म्हणून शिकवणारी तू, माझा नंबर वाटून मोकळी झालीस. मी तिथंच फाटकाशी फोन बाजूला धरून तुला मोठ्यानं काहीतरी बोलले. शिपाई बघायला लागला.

मुलगी वडिलांना देणार होती. आधी विचारलं, दुखते का. मी म्हटलं, दुखते, बरेच दिवस. पावसाळी हवेत अजूनही खेचतं. पोरंबाळं होतात का. होतात, डॉक्टरांना सांगून. काम होते का. मी स्कूटी चालवते, दिवसभर उभी राहून शिकवते.  मग म्हणाली, "टीचर, तुमाले पुना मागतली तं देसान का?"

आणि तुला जे सांगितलं नाही ते मी त्या पोरीला सांगितलं. म्हटलं, देईन. तेव्हाही दिलीच असती. पण मला त्याला थोडे दिवस हवे होते. ओसरीतून उठून एकटीनं नदीकडे जायचं होतं. घाबरायचं होतं, किनवटच्या मुलाचा विचार करायचा होता, एकदा मनात 'नाही देत जा' म्हणून बघायचं होतं. मग येऊन म्हणायचं होतं, देते. ते माझं असतं. तिथं 'मंग देऊ न' म्हणाले ते माझं नव्हतं, बाई, ते त्या ओसरीचं होतं. आणि आणखी एक सांगितलं, जे मी आईलाही सांगितलेलं नाही. म्हटलं, माझा भाऊ तेव्हापासून माझ्याशी भांडत नाही. दर रविवारी भाजी घेऊन येतो, मी काहीही बोलले तरी हो म्हणतो. मला माझा भांडखोर भाऊ पाहिजे होता. तो काही परत मिळाला नाही. हे तुझ्या वडिलांचंही होऊ शकतं, आधी माहीत असलेलं बरं.

अक्का, म्हणजे आपण दोघीही बरोबर होतो का? का दोघीही थोड्या चुकलो? तू त्या दुपारी अजून जरा वेळ थांबली असतीस, ती सिस्टर आली नसती, तर मी बोलले असते का? नसते, बहुतेक. तुझ्यासमोर नसतेच. तुला ते माहीत होतं म्हणून नंबर वाटलास का? यातलं कशाचंच उत्तर मला मिळणार नाही, आणि म्हणून मी ओसरीतून अंगणात, अंगणातून ओसरीत करत राहते आणि आई म्हणते, "बस न वं एका जागी."

ती पोरगी सगळं ऐकून म्हणाली, "बरं, टीचर." आणि फोन ठेवला. तिनं काय ठरवलं, मला माहीत नाही. मी उलटून फोन केला नाही, तिचं नावही विचारलं नाही. पण आणखी कोणाकोणाला तू नंबर दिलायस कोण जाणे, म्हणून वर्गातही आता फोन चालू ठेवते. हेडमास्तर रागावतात. रागावू देत.